बहरण्याचे शनिवार

शनिवार, ४ ऑक्टोबर

आजपासून मी वाढणार आहे. उंचीने नाही. रुंदीने वाढणं आपोआप चालूच आहे. आतून वाढायचंय!

जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत, दर शनिवारी सकाळी. स्वमग्न मुलांच्या आयांसाठी. कार्यक्रमाचं नाव ‘आईचा बहर’. पैसा युरोपचा, मेणबत्त्या राजधानीतल्या, सोफियाच्या आणि शिकवणाऱ्या एवेलीनाबाईही सोफियाच्याच. पांढरी विजार घालून आल्या होत्या. आमच्या रुसे शहराच्या रस्त्यांवर ऑक्टोबरात पांढरी विजार घालणाऱ्या बाईला एक तर डॅन्यूबकाठचा चिखल ठाऊक नसतो, नाहीतर घरात मूल नसतं.

पहिला नियम — मुलांना आणायचं नाही. हा वेळ फक्त तुमचा. मी विचारलं, मग मुलांजवळ बसायचं कुणी? बाई डोळे मिटून म्हणाल्या, फार छान प्रश्न आहे, या प्रश्नासोबत जरा राहा. राहतेच आहे मी. माझी रालित्सा आठ वर्षांची झाली, आठ वर्षं त्या प्रश्नासोबतच संसार चाललाय.

मग प्रत्येकीला विचारलं, मुलाच्या स्वमग्नतेने तुम्हाला कोणती भेट दिली? गेर्गाना सगळ्यांत तरुण. तिचा मुलगा चार वर्षांचा. ती म्हणाली ‘संयम’ आणि रडली. तोत्का सगळ्यांत थोरली, तिचा आसेन सव्वीस वर्षांचा, कपाटाएवढा. ती म्हणाली, “दार.”

“म्हणजे?”

“नवं दार. जुनं आसेनने बिजागरीसकट उपटलं. तेव्हा पालिकेने बसवून दिलं. जुन्यातून वारा यायचा.”

बाईंनी फळ्यावर ‘दार’ लिहून त्याभोवती गोल काढला. म्हणाल्या, किती सुंदर रूपक आहे! तोत्का म्हणाली, “रूपक नाही हो, लोखंडी आहे.”

मी ‘संयम’च म्हटलं. उसना घेतला.

रविवार, ५ ऑक्टोबर

नवऱ्याचा, प्लामेनचा फोन. ट्रक जर्मनीत कुठल्याशा तळावर उभा. विचारतो, किती वाढलीस? म्हटलं, दोन बोटं. मग पुढच्या वेळी पडदे तूच लाव म्हणाला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मी तिकडे बहरत होते तेव्हा सासूबाईंनी इकडे रालित्साला शिसं ओतणाऱ्या बाईकडे नेलं! न विचारता! भीती उतरवायला नेलं म्हणे. त्यांच्या मते पोर गर्भात असताना मी कुत्र्याला घाबरले होते, तिथून सगळं सुरू झालं. डॉक्टरांना जे आठ वर्षांत सांगता आलं नाही ते यांनी कुत्र्यावर आणून मिटवलं.

घरी आले तर दोघी स्वयंपाकघरात. पोर शांत बसलेली, एवढी शांत की मलाच भीती वाटली. सासूबाई सांगायला लागल्या की डोक्यावर फडकं धरलं, वितळलेलं शिसं पाण्यात ओतलं, चर्रर्र झालं आणि आकार कुत्र्याचाच निघाला. मी म्हटलं, आई, हा काय मूर्खपणा! पोलो करायचंय की उपचार, काही कळतं का तुम्हाला? — म्हणायचं होतं ‘पोळायचंय’, ‘पोलो’ कुठून आलं ठाऊक नाही. राग आला की माझ्या तोंडात शब्द चुकीचे येतात.

तेवढ्यात रालित्सा म्हणाली, “आणखी.”

तिचे शब्द मोजके, ती ते उगाच खर्च करत नाही. पाण्यात चर्रर्र होऊन चमकतं काहीतरी, ते तिला आवडलं असणार. भाषेच्या बाईंनी वर्षभर चित्रांची पानं दाखवून हा शब्द काढायचा प्रयत्न केला होता. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मी आज काय केलं? आतला राग मातीच्या गोळ्यात ओतला. माझाही कुत्राच झाला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दह्याच्या डब्याचं झाकण हिरव्याचं निळं केलंय कंपनीने. दही तेच. रालित्साच्या मते तेच नाही. तिला त्या दह्याखेरीज आणि पावाखेरीज काही चालत नाही. सासूबाईंनी शेजारणींकडून जुनी हिरवी झाकणं गोळा करून आणली, गपचूप धुऊन वाळत घातली. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, फोडणी जळतेय तुझी.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज आमची वाढ मोजली. सोफियाच्या कुणी विद्वानांनी प्रश्न काढलेत. ‘मुलाच्या निदानानंतर मला कळले की मी स्वतःला समजत होते त्याहून खंबीर आहे.’ एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पुरेपूर. तोत्काने हात वर करून विचारलं, शून्य कुठे आहे?

बाई म्हणाल्या, शून्य नसतं, थोडी वाढ प्रत्येकीची होतेच.

“काकडीचीसुद्धा होते,” तोत्का म्हणाली. “तिला कुणी विचारायला जात नाही.”

मी पहिल्यांदा सगळीकडे तीन भरले. मग शेजारी गेर्गानाचे पाच पाच दिसले. मग माझेही चार केले. वाढीत मागे कशाला राहा!

शनिवार, २५ ऑक्टोबर

तोत्का आसेनला घेऊन आली! त्याचं दिवसाचं केंद्र शनिवारी बंद, शेजारीण गावाला. तो आत शिरला, आधी दिव्याचं बटण बंद-चालू, बंद-चालू केलं. कुठल्याही खोलीत शिरताना तो असंच करतो, त्याशिवाय पाऊल टाकत नाही. मग त्याने वाकून बाईंची मेणबत्ती फुंकली आणि खिडकीखाली फतकल मारून बसला. एवढंच. पण बाई भिंतीला चिकटल्या. म्हणाल्या, आपला सुरक्षित अवकाश भंगला आहे, मी वरिष्ठांशी बोलून येते. गेल्या त्या फोन घेऊन बाहेर.

आणि मग काय! कुणीतरी संत्री काढली. गेर्गानाने घरून आणलेली बनित्सा काढली. मुलासाठी तिने वहीत लिहून ठेवलेल्या पथ्यात बसत नाही ती, चीज आणि मैदा नुसता, पण तीही खात होती. नवऱ्यांची नक्कल झाली, शाळेच्या मुख्याध्यापिकेची झाली. मी एवढी हसले की पोटात कळ आली. चार शनिवारांत हा पहिला ज्यात मी घड्याळ पाहिलं नाही.

मग आसेनसाठी संत्रं सोलता सोलता तोत्का म्हणाली, माझ्या पोटात गाठ निघालीय. भाव असा, की दुकानात आज कांदे नव्हते. काढावी लागेल म्हणतात. इथला सर्जन जर्मनीला गेला, म्हणून समुद्रकाठी वार्नाला जावं लागेल. चार-पाच दिवस. पण याला ठेवू कुठे?

सरकारी निवासात तात्पुरती जागा मिळते. यादीत नाव घालायचं. यादी पुढच्या वर्षीपर्यंत भरलेली. आणि मिळाली तरी गोळ्या देऊन झोपवून ठेवतात. तिने एकदा ठेवून पाहिलंय. परत आणला तेव्हा तो महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

बाई परत आल्या आणि म्हणाल्या, इथली ऊर्जा जड झाली आहे, खिडकी उघडू या.

शनिवार, १ नोव्हेंबर

मला निवडलं! समारोपाला बोलायला! वीस तारखेला, हॉटेलच्या मोठ्या सभागृहात, उपमहापौर येणार, स्थानिक टीव्हीवाले येणार. बाई म्हणाल्या, तुमच्या आवाजात प्रवास ऐकू येतो. तोत्का कानाशी पुटपुटली, “लग्नाआधी तू गायचीस ना कुठे? तोच आवाज असेल.”

मी तिला झिडकारलं. खरं तर मला आवडलं होतं. फार आवडलं होतं. रालित्साच्या जन्मानंतर मला कुणी कशासाठी निवडलेलं नाही. शाळेतून फोन येतो तोसुद्धा घेऊन जा म्हणायला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

निळा ड्रेस घेतला. सासूबाई म्हणाल्या, बाही आखूड आहे. मग स्वतःच बसून लांब केली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

भाषण बाईंना पाठवलं होतं, सुधारून आलं. ‘मी थकते’ होतं तिथे ‘मी माझ्या मर्यादांना मिठी मारते’. ‘शाळा तिला रोज लवकर घरी पाठवते’ हे वाक्य गायब. कारण विचारलं तर म्हणाल्या, मुख्याध्यापिका व्यासपीठावर असतील, आपण दोष शोधायला जमत नाही आहोत. शेवटी एक नवं वाक्य जोडलंय: ‘मी आता मदत मागायला घाबरत नाही.’

चांगलं वाक्य आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘घाबरत’वर हात छातीशी न्यायचा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ग्रंथालयातून उतरताना तोत्काने मला बाजूला घेतलं. वार्नाची तारीख मिळाली. वीस. एकोणीसला निघायचं, चोवीसला परत. आई गावात नसेल तर केंद्रवाले त्याला घेत नाहीत. “आसेनला तुझ्याकडे ठेवशील का?”

वीस!

मी म्हटलं, बघते. घरी विचारावं लागेल. माझी दंतवैद्यांकडची नोकरी, सकाळी काउंटर सोडता येत नाही. प्लामेन नाही. फ्लॅट लहान. लिफ्ट सारखी बंद पडते. सगळं खरं होतं. ती मान डोलावत ऐकत राहिली, जणू मी तिच्या ओळखीचं एखादं गाणं म्हणत होते. मग म्हणाली, जा, पोरीला भूक लागली असेल.

वीस तारखेचं भाषण मात्र मी कारणांत सांगितलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

गेर्गाना असेल की. पण तिचा मुलगा मोठ्या आवाजाने किंचाळतो आणि आसेनला किंचाळणं सोसत नाही. इतर दोघी आहेत. एक पाचव्या महिन्यात. दुसरीचा नवरा… जाऊ दे. प्रत्येकीकडे कारण आहे, माझ्यासारखंच पक्कं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आरशासमोर तालीम. ‘मी आता मदत मागायला घाबरत नाही.’ हात छातीशी. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा म्हणताना हात तसाच राहिला.

आमच्या त्या खोलीत मदत मागितली कुणी? फक्त तोत्काने. जिची वाढ शून्य तिने! आणि मी, चार गुणांची बाई, म्हणाले ‘बघते’.

फोन लावला. घेऊन ये त्याला, म्हटलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. मग लगेच पुन्हा केला: रात्री दिवा लावून झोपतो, सूप गरम चालत नाही, सुऱ्या वर ठेव, त्याला हात लावायचा असेल तर आधी सांगून लाव, आणि रडला तर गप्प कर म्हणू नकोस, नुसती जवळ बस. बोलतच राहिली. आवाज शेवटी विचित्र झाला होता.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “पोर सांभाळीन. त्या बाप्याला नाही. मला उचलून बाल्कनीतून टाकील.”

बुधवार, १९ नोव्हेंबर

आला. आमच्या फ्लॅटमध्ये बटणं फार आहेत, आत यायला बराच वेळ लागला. तोत्काने त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि मागे न बघता जिना उतरली.

रालित्सा सोफ्याच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. तासभर! दोघंही इतकी खूष की मी दारातून बघत उभी राहिले. आमच्याकडे पाहुणे आले की माझं अर्धं आयुष्य ‘ती लाजते हो’ सांगण्यात जातं. हा पहिला पाहुणा, ज्याला काही सांगावं लागलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नीट लिहून ठेवते. 

आसेनला घरी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून सोबत नेला. सासूबाई रालित्साला घेऊन मागून येणार होत्या, सुनेचा ड्रेस टीव्हीवर येणार म्हणून. सभागृहात शिरताना आसेनला बटण सापडेना. पडद्यामागे बटणांची मोठी फळीच होती, तिथे सापडलं. तेव्हा उपमहापौर बोलत होते. ‘आमचं शहर या कुटुंबांच्या पाठीशी—’ आणि अंधार. उजेड. अंधार. उजेड. उपमहापौर तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. मी आसेनला पहिल्या रांगेत आणून बसवलं. एवेलीनाबाईंचा चेहरा त्यांच्या विजारीसारखा.

मग माझं नाव. वर गेले. कागद उघडला. मर्यादांना मिठी मारली. प्रवास केला. मुख्याध्यापिका मान डोलावत होत्या. सगळं पाठ होतं. ‘मी आता मदत मागायला घाबरत नाही’पर्यंत आले, हात छातीशी गेला, आणि पुढे कागदावर फक्त ‘धन्यवाद’ होतं. खाली आसेन शर्टाच्या किनारीला घडी घालत होता आणि तोत्का वार्नात टेबलावर असणार.

मी कागद मिटला. म्हटलं, “मग मागतेच. हा आसेन. याची आई आज शस्त्रक्रियेला गेलीय. मला उद्या सकाळी कामावर जायचंय. दुपारपर्यंत याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं. कोण येईल?”

एक खुर्ची करकरली. मग एवेलीनाबाई टाळ्या वाजवू लागल्या. उपमहापौर वाजवू लागले. मुख्याध्यापिका तर उभ्याच राहिल्या. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या, टाळ्या! टीव्हीवाल्याने कॅमेरा फिरवला. एकाही माणसाचा हात वर नव्हता, सगळे कामात गुंतलेले!

आसेनने कान दाबून धरले आणि डुलायला लागला. मी खाली धावणार, तेवढ्यात मागून आवाज आला. सासूबाई. फरची कॉलर, डोक्याला रुमाल, एका हाताला रालित्सा.

“मी बसेन उद्या. आता त्या टाळ्या थांबवा, पोराला सोसत नाहीत.”

थांबल्या. लगेच.

घरी ट्रॉलीबसने आलो. उतरताना मी म्हटलं, आई, बाल्कनीचं काय? त्या म्हणाल्या, कडी लावीन.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बातम्यांत मी दिसले. ‘घाबरत नाही’पर्यंतच दाखवलं, मग थेट टाळ्या. बाही छान दिसत होती.

तोत्काला फोन लागत नाही. गुंगीत असेल. आसेन जेवताना दाराकडे बघतो.

रविवार, २३ नोव्हेंबर

सासूबाईंनी त्याला अंगणात नेऊन दांडीवर गालिचा टाकला आणि धोपटणं हातात दिलं. त्याने असा झोडपला की धुळीचा ढग तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. मग शेजारणींनी आपापले गालिचे आणले. एरवी त्याला बघून रस्ता ओलांडतील अशा बायका रांगेत उभ्या! सासूबाई खुर्ची टाकून बसल्या, कुणाचा आधी कुणाचा नंतर ठरवत. त्याला ‘माझा पोरगा’ म्हणत होत्या. रालित्सा प्रत्येक धपाट्याला म्हणत होती, “आणखी.”

शिसं ओतणाऱ्या बाईचं नाव आठवडाभरात निघालेलं नाही.

तोत्काचा एक संदेश आला: ‘जिवंत आहे.’ बस. काळजी वाटते. एवढी बोलणारी बाई!

सोमवार, २४ नोव्हेंबर

तोत्का आली. लिफ्ट बंद. पोट कापलेली बाई चार मजले न थांबता चढून आली! गाल तांबडे, हातात खारवलेल्या माशांची पिशवी. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “गाठबीठ काही नव्हतं, पोरी. समुद्रावर खोली घेतली होती. झोपले. उठून मासे खाल्ले, परत झोपले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. नुसती थकलेय म्हटलं असतं, तर घेतला असतास का त्याला?”

मी चिडले. आसेनची पिशवी भरून होईपर्यंत चिडलेलीच होते. मग तिला खोलीवालीचा नंबर विचारला.

डिसेंबरात माझं पित्ताशय काढायचं ठरलंय. गेर्गानाचं अपेंडिक्स फेब्रुवारीत. सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. आत्ता भांडी विसळताना त्या म्हणाल्या, “वार्नाच्या दवाखान्यात वारा फार असतो म्हणतात. माझा लोकरी कोट ने.”